निळ्या ड्रेसच्या टिपा

ताईचा निळा ड्रेस अजून माझ्या कपाटात आहे. उलटा केला की काखेखाली उसवलेल्या टिपांची भोकं दिसतात, तीन रांगा. त्या पाहिल्या की तिचं शिवणाचं दुकान आठवतं. दारातलं मशीन, बटणांचे डबे, आणि माप देताना पोट आत घेणाऱ्या बायकांना "सोडा श्वास, मी काही परीक्षा घेत नाही," म्हणणारी ताई.

ती माझी सख्खी नव्हे. मी मुलगा नाही, मुलगी आहे, असं सांगितल्यावर घरच्यांनी मला दार दाखवलं, तेव्हा हिनं ठेवून घेतलं. तीही माझ्यासारखीच, फक्त वीस वर्षं आधी घराबाहेर पडलेली. तिनं मला काजं करायला शिकवलं, आणि कंडोमवरून इतकं पिडलं की पाढेसुद्धा कुणी एवढे घोकून घेतले नसतील.

तिच्याच तपासणीत एचआयव्ही निघाला. ती म्हणाली, "रोज गोळी घ्यायची. मी चांगली म्हातारी होणार आहे, बघशील." मी डोळे मिटून विश्वास ठेवला. त्याचा माझ्यावरचा राग अजून जात नाही.

कारण तिचे कपडे कधी ढगळ दिसलेच नाहीत. एकदा हूक हवे होते म्हणून मी मशीनचा खण उघडला. हुकांच्या डब्यात एचआयव्हीच्या पाच महिन्यांच्या न घेतलेल्या गोळ्या होत्या. मी दोरीवरचा निळा ड्रेस उलटा केला. आत टिपेला टीप लावून तीनदा आवळलेला. बाई झिजत होती आणि मापात राहत होती, आणि मी, तिची शिष्या, रोज समोर बसून काजं करत होते.

"दवाखान्यात म्हणाले, दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर बंद करा," ती मशीन न थांबवता म्हणाली. "कुठल्या, ते कुणी विचारलं नाही."

तिच्या चालू होत्याच. बारा वर्षं घेत असलेल्या, तिला बाईचं अंग देणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या.

"मग एक सोडायची होती. सोडली."

"अगं, जीव जाईल ना."

"पुन्हा त्या जुन्या अंगात जगायचं? त्यापेक्षा गेलेला बरा."

मी भांडले, रडले, आणि दुसऱ्या दिवशी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं. दोन्ही गोळ्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या निरखून पाहिल्या. "या दोन्ही एकत्र चालतात," त्या म्हणाल्या. "फार तर हार्मोनची मात्रा बदलू."

ताईनं दोन्ही गोळ्या जवळ ओढल्या. म्हणाली, "म्हणजे पाच महिने मी उगाच मरत होते?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्या कागदावर दोन्ही गोळ्यांची नावं शेजारी शेजारी लिहिली.

वर्षभरात तिन्ही टिपा उसवल्या. शेवटची तिनं माझ्याकडून उसवून घेतली आणि आरशासमोर गोल फिरून दाखवलं. पुढची चौदा वर्षं जगली, दोन्ही गोळ्या घेत. शब्द पाळून म्हातारी झाली, गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडत गेली. मला ती रोज आठवते.

आता त्याच दवाखान्यात सल्ला देण्याच्या खुर्चीत मी बसते. आमच्यातली नवी मुलगी आली की कागद उघडण्याआधी सांगते, "हार्मोनच्या गोळ्या घेत असशील तर सांग. त्या सोडायला लावणार नाही आपण, डॉक्टर दोन्हीचा मेळ घालतील."

बऱ्याच जणी तेव्हा पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकतात.