सुभेदार जेवला का

दर रविवारी अकराच्या सुमारास माझ्या पोराचा फोन येतो आणि दर रविवारी त्याचा पहिला प्रश्न एकच असतो, "आई, सुभेदार जेवला का?" आई जेवली का, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. सुभेदार म्हणजे सरडा. रंग बदलणारा, डोक्यावर टोपीसारखं हाड असलेला, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा परदेशी सरडा. त्या रविवारी त्याने सहा दिवस काही खाल्लं नव्हतं. मी म्हणाले, "जेवला की. सात रातकिडं मटकावलं."

खरं सांगून तरी ऋषिराज काय करणार होता? तो कुठल्याशा डोंगरातल्या पोस्टवर. तिथं रविवारीच फोन लागतो, तोही एका ठरावीक दगडावर चढल्यावर. त्या दगडावर चढून पोराने वाईट ऐकावं, असं मला वाटत नव्हतं.

फौजेत भरती व्हायच्या आधी ऋषी सांगलीत मोबाइलच्या दुकानात होता, तेव्हा त्याने हे ध्यान आणलं. कागदपत्रांसकट आणलंय, हे चारचौघांत दहादा सांगायचा. भरतीसाठी पळायचा सराव करून आला की घाम पुसत त्याच्याशी बोलत बसायचा. नाव सुभेदार, कारण स्वतःला सुभेदार व्हायचंय. निघायच्या दिवशी पिंजऱ्यापाशी उभा राहून म्हणाला, "आई, ह्याला जप." मला वाटलं, आता वळून माझ्याबद्दलही काही म्हणेल. पण गाडीची वेळ झाली होती.

तेव्हापासून आठ महिने मी सरड्याची चाकरी करते. साहेब वाटीतलं पाणी पीत नाहीत, पानावरचे थेंब चाटतात, म्हणून सकाळी पाणी फवारायचं. पुण्याहून पार्सलने जिवंत रातकिडे येतात, त्यांना गाजर किसून घालायचं. म्हणजे जे खाल्लं जाणार, त्यालाही आधी मीच वाढायचं. मग तासगावच्या वेशीबाहेर बेदाण्याच्या शेडवर जायचं आणि संध्याकाळपर्यंत मांडी घालून बेदाणा निवडायचा. काडी वेगळी, काळा मणी वेगळा, खडा वेगळा. मार्च उजाडला की कंबर आणि डोळे माझे राहत नाहीत. ऋषीचे वडील होते तोवर संध्याकाळी भाकरी थापली जायची. आता चहात चपाती बुडवते आणि पडते.

शेडवरची एक गोष्ट मात्र हाडात मुरली आहे. मातीचा कण दिसता कामा नये. बेदाण्यात खडा सापडला की शेडचे मालक नानासो सगळ्या बायकांसमोर नाव घेऊन बोलतात. सोळा वर्षं ते ऐकून माझ्या घरातही माती टिकत नाही. ऋषीने पिंजऱ्यात एक मोठी कुंडी ठेवली होती, झाडासकट. हंगाम सुरू झाल्यावर मी ती उचलून परसात ठेवली, तळाला हिरवी प्लास्टिकची चटई घातली आणि वरून प्लास्टिकचा वेल सोडला. पिंजरा चकचकीत दिसायला लागला. मी स्वतःवरच खूश होते.

महिन्याभरात सुभेदाराचं बिनसलं. एरवी हा प्राणी दिवसभर वरच्या फांदीला चिकटून असतो. आता तो खाली उतरला आणि चटई ओरबाडू लागला. एका कोपऱ्यात पुढच्या पायांनी खरवडायचं, मग दुसऱ्या कोपऱ्यात, मग परत पहिल्या. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, पण हा दिवसाला पन्नास वेळा कुंपणावर डोकं आपटत होता. अंग काळपट पडलं आणि त्यावर पिवळे-निळे ठिपके उमटले. रातकिडा नाकासमोरून गेला तरी जीभ बाहेर येत नव्हती. पोट मात्र फुगत चाललेलं.

शेजारच्या सुलाबाईंना बोलावलं. त्यांनी पदर तोंडाला लावून दारातूनच निकाल दिला. "आगं, मालकाची आठवण काढतंय ते. आमचं ह्ये पंजाबला हुतं तवा आमच्या कुत्र्यानं आठ दिस भाकरी शिवली न्हाई. पोराचं एखादं कापड टाक त्यात."

मला ते इतकं पटलं की डोळे भरून आले. मी ऋषीचा जुना बनियन पिंजऱ्यात घातला. फोनमध्ये साठवलेला त्याचा आवाज लावला. सुभेदार आणखी काळा पडला आणि पाठ फिरवून बसला.

"मलाबी येतीया रं आठवण," मी त्याला म्हणाले. "म्हणून मी जेवायचं सोडलं का?"

खरं तर मीही सोडल्यातच जमा होते, पण सरड्याला काय कळतंय.

शुक्रवारी सकाळी त्याचे डोळे अर्धे मिटलेले दिसले. हे मेलं तर परवा मी काय सांगणार? मी नानासोंना फोन करून खाडा सांगितला.

"ऐन हंगामात? सरड्यापायी?" ते ओरडले. "बाई, डोकं ठिकाणावर हाय का?"

"आवं, पोराचा हाय," मी म्हणाले आणि फोन ठेवला. सोळा वर्षांत मी त्यांचा फोन आधी ठेवल्याची ती पहिलीच वेळ.

बुटाच्या खोक्याला भोकं पाडून, त्यात सुभेदाराला घालून मी सांगलीची एस.टी. धरली. पक्ष्यांना आणि असल्या प्राण्यांना बघणारी डॉक्टर अक्षता म्हणून एक मुलगी तिथं आहे, ऋषीच्याच वयाची. तिने सुभेदाराला अलगद हातावर घेतलं, मागचा पाय उचलून टाच पाहिली आणि हसली.

"मावशी, नाव काय म्हणालात?"

"सुभेदार."

"नराच्या टाचेला मागे एक छोटं बोंड असतं, जन्मापासून. हिला नाही. ही बाई आहे."

मग तिने एक्स-रे काढून दाखवला. पोटात नुसती अंडी. घडातल्या मण्यांसारखी, एकाला एक चिकटून.

"पण घरात नर न्हाई की वं."

"लागत नाही. एकटी कोंबडी घालतेच ना? पिल्लं निघत नाहीत, एवढंच. पोटात जागा नाही म्हणून ही खात नाही. खाली उतरून उकरते, कारण अंडी मातीत पुरायची असतात. पिंजऱ्यात माती आहे ना?"

ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार?

"हुती. कुंडी हुती. घाण हुती म्हणून मी काढली."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "माती मिळाली नाही तर ती अंडी आतच धरून ठेवते, मावशी. धरून धरून मरते." तिने इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, हातभर खोल बादलीत ओलसर वाळू-माती भरा, पिंजऱ्यावर चादर टाका आणि बघत बसू नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती काम अर्धवट सोडते. रविवारपर्यंत झालं नाही तर सोमवारी ऑपरेशन, आणि अशा थकलेल्या जिवाचा भरवसा देता येत नाही.

परतीच्या एस.टी.त खोकं मांडीवर घेऊन बसले आणि माझा मलाच राग आला. मला वाटलं होतं, ही ऋषीची आठवण काढतेय. हिला ऋषी आठवतही नसेल. आठवण मला येत होती आणि ती मी हिच्या गळ्यात बांधली होती. बिचारी दिवसभर माती मागत होती आणि मी तिला बनियन देत होते.

घरी आल्यावर कुंडी बादलीत उपडी केली, शेजारच्या बांधकामावरून दोन घमेली वाळू मागून आणली, पाणी शिंपडून कालवली. नखांत चिखल गेला. पिंजऱ्यात बादली ठेवली, चादर टाकली. शनिवारी शेडवरून आल्यावर राहवलं नाही आणि चादरीचं टोक उचलून पाहिलं. वीतभर खड्डा झालेला. ती आत होती, तिने एक डोळा माझ्याकडे वळवला आणि खड्डा तसाच टाकून वर आली. मी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी अकराला फोन आला तेव्हा मी उंबऱ्यावर बसले होते. आत चादरीखाली काही वाजत नव्हतं.

"आई, सुभेदार जेवला का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तेरा दिस झालं. मागच्या रविवारी मी खोटं बोलले." आणि मग सगळं सांगितलं. कुंडी, बनियन, एक्स-रे, सोमवार.

"मला कळलं हुतं," तो म्हणाला.

"काय कळलं हुतं?"

"खोटं बोलतीयास त्ये. सात म्हणालीस. पाचाच्या वर कवा खाल्लंच न्हाई त्यानं."

"मग तवाच का बोलला न्हाईस?"

"आई, तुला 'कशी हाईस' इचारलं तर तू 'बरी हाय' म्हणणार. बाबा गेलं तवाबी तू दारात आलेल्या परत्येकाला बरी हाय म्हणत हुतीस. म्हणून सुभेदाराचं इचारतो. किती खाल्लं, पाणी कवा मारलंस, सगळं सांगतीस. मग मला कळतं, तू उठलीयास, हिंडतीयास, घर चालू हाय. सात म्हणालीस तवापासनं आठ दिस मला झोप न्हाई."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काल काय जेवलीस?"

"चहा-चपाती."

"परवा?"

"चहा-चपाती."

"आई," तो म्हणाला, आणि फोन कट झाला. दगडावर त्याच्यामागे रांग असते.

मी तिथंच बसून पोटभर रडले. रडून झाल्यावर लक्षात आलं की आत खरवडल्याचा आवाज येतोय. सावकाश, थांबत थांबत. मी हलले नाही. ऊन उंबऱ्यावरून भिंतीवर चढेपर्यंत तशीच बसून राहिले. पाठीला रग लागली, तरी आत पाहिलं नाही.

चार वाजता चादर काढली. ती वरच्या फांदीवर होती, अंगाला माती, पोट खपाटीला, नुसती कातडी. बादलीत खड्डा दिसत नव्हता. तिने माती परत लोटून, थापून सारखी केली होती. डॉक्टरने अंडी काढून टाकायला सांगितलं होतं, नाहीतर सडतात. मी हाताने उकरलं. चौतीस निघाली, पांढरी, मऊ. एकातूनही काही निघणार नव्हतं, आणि तरी तिने ती इतकी नीट झाकली होती की मला ती परसात पुरताना लाज वाटली.

पाणी फवारलं. ती किती तरी वेळ पीत राहिली. मग मी एक रातकिडा सोडला. तिने दोन्ही डोळे एका जागी आणले, आणि जीभ सुटली. थोड्या वेळाने आणखी एक.

दोन. पुढच्या रविवारी खरा आकडा सांगायचा होता, आणि आता त्याच्यासोबत माझाही. मी हातपाय धुतले, पिठाचा डबा काढला आणि बऱ्याच महिन्यांनी भाकरी थापायला बसले. दोन थापल्या. त्यातली एकच गेली, तीही कशीबशी, पण गेली.