फाइलीत न आलेली झणझण

वडिलांचे हात कापायला लागले आणि व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान ठकीकडे आलं. वडील दूरच्या शहरात तिच्या धाकट्या भावाकडे राहायला गेले, पण जीव दुकानातच अडकलेला. दुरुस्त झालेलं वाद्य गिऱ्हाइकाला देण्याआधी ठकीने ते वाजवून फोनवर पाठवायचं आणि त्यांनी ऐकून होकार द्यायचा, असा त्यांनी दंडकच घातला होता.

एकदा वाद्यवृंदातल्या एका बाईंचं व्हायोलिन आलं. जाड तारेवरचा एक सूर दाबून वाजवला की मागे बारीक झणझण येते, अशी बाईंची तक्रार होती. ठकीने गज ओढला आणि तिलाही ती लगेच ऐकू आली. तारा बदलून, खुंट्या घट्ट करूनही ती जाईना, तेव्हा तिने रेकॉर्डिंग वडिलांना पाठवलं. त्यांचं म्हणणं, वाद्य ठणठणीत आहे. फोन जवळ ठेवून तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच उत्तर.

"बाई म्हणतात म्हणून तुलाही ऐकू यायला लागलंय," वडील म्हणाले. "कान अजून कच्चा आहे तुझा. देऊन टाक वाद्य."

ते तिला लागलं. वडिलांचा शब्द ती सहसा मोडत नसे, पण वाजतंय ते वाजत नाही असं म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने बाईंकडून थोडी मुदत मागून घेतली आणि आपणच पाठवलेली फाइल उघडून ऐकली. झणझण नव्हती. टेबलावरच्या व्हायोलिनमध्ये होती, फोनमधल्या व्हायोलिनमध्ये नव्हती.

धाकटा गाण्यांच्या फाइली लहान करण्याचंच काम करायचा. तिने त्याला गाठलं.

"काकू तावातावाने बोलत असताना काका काय पुटपुटतात, ते कुणाला ऐकू येतं?" तो म्हणाला. "मग काकांसाठी जागा कशाला अडवायची? फाइल लहान करणारा प्रोग्राम तेच करतो. मोठ्या आवाजाआड जे कानाला कळणार नाही असं त्याला वाटतं, ते गाळतो. फार बारीक, उंच आवाजही उडवतो. आणि तू फोनवरून पाठवतेस तो व्हॉइस मेसेज नुसत्या बोलण्यासाठी केलेला, तिथे तर कात्री आणखी मोठी."

"मला नेमके काकाच हवेत," ठकी म्हणाली.

लहान केलेल्या फाइलीतून काका परत मिळणार नव्हते. गाळलं ते गेलं. पण धाकट्याने दुसरी वाट सांगितली. आवाज म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. तिच्यातलं काहीच न टाकता, आकडे फक्त कमी जागेत बसतील असे लिहायचे. साडीची घडी घालावी तसं. उलगडली की काठापदरासकट सगळी हजर. अशी फाइल फार लहान होत नाही, निम्म्यावर आली तरी पुष्कळ.

ठकीने बाईंकडून चांगला माइक आणला आणि दुकानाची खिडकी लावून तो एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवला. फाइल जड, इंटरनेट रडतराऊत. अर्ध्यावर जाऊन तुटायचं. ती पुन्हा पाठवायची. जेवण तिथेच उरकलं, पण जागची हलली नाही. संध्याकाळी एकदाची फाइल पोचली.

वडील ऐकायला तयार नव्हते. एकदा सांगितलं ते सांगितलं, म्हणत होते. धाकट्याने अक्षरशः हाताला धरून बसवलं आणि हेडफोन कानावर चढवला. मग त्यांचा फोन आला.

"आहे," ते म्हणाले. "माझंच चुकलं, पोरी. पण कुठून येतेय ते मला इथून कळत नाही. ते तुलाच शोधायचंय."

तिने बाईंना बोलावून तो सूर वाजवायला लावला आणि स्वतः वाद्याच्या कडेवरून अंगठा दाबत पुढे सरकत गेली. हनुवटी टेकते त्याच्या जरा खाली अंगठा आला आणि झणझण थांबली. काढला, पुन्हा सुरू. तिथला सांधा सुटला होता, पण डोळ्याला दिसेल इतकाही नाही. तिने पातळ पात्याने गरम सरस आत सरकवला, कड शिकंज्यात धरली आणि वाळेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

वाळल्यावर बाईंनी गज ओढला. सूर स्वच्छ निघाला. विश्वास न बसून त्यांनी आणखी जोर लावला, आणि मग हसत व्हायोलिन पेटीत ठेवलं.

वडिलांना तिने जागा सांगितली, तेव्हा ते म्हणाले की त्यांनी आधी तारांखालची घोडीच उतरवली असती आणि दिवस वाया घालवला असता. फोन कानाशी धरूनच ठकीने दुसऱ्या हाताने टेबलावरचा सरस पुसायला घेतला.