एक्केचाळिसाव्या पानावरची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना अंक आहे. गोष्टींचा नाही, की दिवाळीचाही नाही. जळगावच्या एका कॉलेजातून वर्षातून दोनदा निघणाऱ्या शेतीविषयक संशोधन-पत्रिकेचा मी अंक. माझ्यात चित्रं नाहीत. तक्ते आहेत, आकडे आहेत आणि लांबलचक नावांचे लेख आहेत. मुलं मला सहसा हातात घेत नाहीत. तरी माझी हकीकत तुम्ही ऐकावी असं मला फार वाटतं.

सहा वर्षांपूर्वी, आषाढात, इथल्याच एका छापखान्यात माझा जन्म झाला. आम्ही तीनशे भावंडं. फिकट हिरवं मुखपृष्ठ, पाठीला गरम डिंकाचा वास. संपादक होत्या प्राध्यापक कोकिळाताई भारंबे. त्यांनी गठ्ठ्यातून मलाच उचललं, कार्यालयाची प्रत म्हणून कोपऱ्यात शिक्का मारला आणि टेबलावर ठेवलं. म्हणून पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

माझ्या एक्केचाळिसाव्या पानावर एक लेख होता. तो लिहिला होता प्राध्यापक ललित यांनी. ते कोकिळाताईंचेच विद्यार्थी. केळीच्या पानांवर करपा पडतो, तो थोपवायला शेतकरी औषधाच्या फवारण्या करतात. ललितसरांनी लिहिलं होतं, की निंबोळीचा अर्क मारला तर औषधाच्या फवारण्या निम्म्यावर आणता येतात. चोवीस बागांत प्रयोग केला, असं तक्त्यात होतं. प्रत्येक बागेपुढे गाव आणि शेतकऱ्याचं नाव.

त्या लेखाचं केवढं कौतुक झालं! लोक कॉलेजात फोन करून माझ्या प्रती मागवत. पानाचे फोटो गावोगाव मोबाइलवर फिरले. मला वाटायचं, आपल्यासारखा भाग्यवान अंक दुसरा नाही.

कार्तिकात एके दुपारी धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ दारात उभे राहिले. शिरपूरकडून एसटीनं आले होते. नाव वना आबा. त्यांची नात रूपा कॉलेजात शिकायची. तिनं सुट्टीत घरी माझं एक भावंड नेऊन आजोबांना कौतुकानं वाचून दाखवलं होतं.

कोकिळाताईंनी खुर्ची पुढे केली. आबा बसले नाहीत. त्यांनी मलाच टेबलावर उघडलं आणि तक्त्यातल्या सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"ताई, हाई मन्हं नाव शे. पन मन्हा वावरमा त्या साले केळी नव्हतीच. कापूस व्हता, कापूस!"

"आबा, काही चूक होत असेल," ताई म्हणाल्या. "ललितसर तुमच्याकडे आले नव्हते का?"

"एकदाव उनथात. नाव लिखी लयी गयात. मंग कोनीच नही उनं." सर एकदाच आले, नाव लिहून घेऊन गेले, मग कुणीच आलं नाही, असं आबा त्यांच्या अहिराणीत सांगत होते. आवाज चढला नाही, पण बोट तिथून हललं नाही. "मन्हं नाव वाचीसन लोके इसवास ठेवतस. वना आबानी करी पाह्यं म्हंजे खरंच व्हई, असं म्हनतस. शेजारना पुनाभाऊनी फवारणी निम्मी करी टाकी. आते त्याना बागना बठ्ठा पानं वाळी ऱ्हायनात. त्याले मी काय सांगू?"

कोकिळाताईंनी मला जवळ ओढलं. तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ललितसरांना बोलावलं. सोबत सविता तायडे आली. ती सरांच्या हाताखालची संशोधन-सहायक. बागाबागांतून फिरून पानं मोजणारी तीच. पण लेखावर तिचं नावही नव्हतं.

"सविता, किती बागा झाल्या होत्या?" ताईंनी विचारलं.

सविताने आधी सरांकडे पाहिलं. मग पिशवीतून मळकी वही काढून पुढे ठेवली. "नऊ, मॅडम. नऊच."

ललितसर खाली मान घालून म्हणाले, "पाऊस लवकर आला, मॅडम. पुढच्या बागा राहून गेल्या. नऊ बागांत गुण दिसला होता, मला वाटलं बाकीच्यांतही तसाच दिसेल. बढतीच्या अर्जाची तारीख जवळ आली होती. पंधरा बागा मी अंदाजानं भरल्या."

"आणि हिचं नाव?"

सरांनी सविताची वही मिटून तिच्याकडे सरकवली.

मित्रांनो, मला वाटलं आता ताई कडाडतील. पण त्या म्हणाल्या, "ललित, चूक तुझी मोठी आहे, पण माझीही आहे. लेख छापण्याआधी तो अनोळखी जाणकाराकडून तपासून घ्यायचा असतो. मी तुझ्याच मित्राकडे पाठवला. दोन दिवसांत दोन ओळींचं 'उत्तम' आलं आणि मी छापून मोकळी झाले. तू माझा विद्यार्थी ना! एका तरी शेतकऱ्याला फोन करायला हवा होता."

ताईंना लेख जाहीरपणे मागे घ्यायचा होता. संस्थेच्या अध्यक्षांना ते पटलं नाही. ते स्वतः कार्यालयात आले. "ताई, घरातली गोष्ट घरात राहू द्या. पुढच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळी टाका. संस्थेचं नाव जाईल. तुमचं संपादकपदही राहणार नाही कदाचित."

"नाही राहिलं तर नाही," ताई म्हणाल्या. "पण तिकडे बाग वाळतेय, साहेब. ती कोपऱ्यातल्या दोन ओळींनी थांबेल का?"

अध्यक्ष खुर्चीतून उठले. मग "करा तुम्हाला योग्य वाटेल ते" एवढंच बोलून गेले.

त्याच आठवड्यात एक चिठ्ठी छापली गेली. 'या पानावरील लेख मागे घेण्यात आला आहे. चोवीसपैकी पंधरा बागांची माहिती खरी नाही. यावर विसंबून फवारणी कमी करू नये. निष्काळजीपणाबद्दल संपादक शेतकऱ्यांची क्षमा मागत आहेत.' ताईंनी स्वतःच्या हातानं ती माझ्या एक्केचाळिसाव्या पानावर चिकटवली. माझी भावंडं जिथे जिथे गेली होती, तिथे तिथे चिठ्ठी गेली, मोबाइलवरही फिरली. मला फार लाज वाटली. वाटलं, आता आपली जागा रद्दीत.

पण ताईंनी मला ललितसरांच्या हातात दिलं. "हा अंक घेऊन पुनाभाऊंकडे जा. त्यांच्यासमोर उघड."

सर गेले. सविताही गेली. पुनाभाऊंच्या बागेत करपलेली पानं खाली लोंबत होती. घड बारीक राहिले होते. सरांनी मला उघडलं, चिठ्ठी वाचली आणि हात जोडले. पुनाभाऊ पाठ फिरवून केळीच्या दोन ओळी चालत गेले. तेवढ्यात सविता वाकून पानांवरचे ठिपके मोजू लागली. कुठली पानं कापायची, कुठल्या फवारण्या पुन्हा सुरू करायच्या, ते तिनं सांगितलं. पुनाभाऊ परत आले.

"सर, वरीस तं गयं मन्हं," ते म्हणाले. "पन तुम्ही तोंडवर सांगाले उनात. आते असं करा, पुढला साले मन्हाच वावरमा खरं करी दखाडा. नी मोजाले ह्या ताईलेच लया."

अर्धी बाग वाचली. ललितसरांची बढती हुकली, सहकारी काही दिवस बोलेनासे झाले. तरी ते पुढची दोन वर्षं बागाबागांत फिरले. तीस बागा झाल्या, पहिली पुनाभाऊंची. निष्कर्ष मोठा निघाला नाही. अर्कानं फवारण्या निम्म्या होत नाहीत, सहापैकी एखादी वाचते, एवढंच. पण ते खरं होतं. तीन अनोळखी जाणकारांनी तो लेख तपासला, दोनदा परत पाठवला आणि मग तो छापला गेला. त्यावर पहिलं नाव आहे सविता तायडे हिचं.

आणि अध्यक्षांना जिची भीती होती ती बेअब्रू? त्यानंतर पत्रिकेकडे लेख जास्तच येऊ लागले. इथे छापलेलं तपासलेलं असतं, असं लोक म्हणतात.

गेल्या महिन्यात जुने अंक संगणकावर चढवायचं काम निघालं. मला कपाटातून काढलं, अंगावरची धूळ झटकली. ग्रंथालयातल्या प्रमिलाबाईंनी एक्केचाळिसावं पान उघडलं आणि सविताला विचारलं. ती आता पत्रिकेची सहसंपादक आहे.

"मॅडम, ही चिठ्ठी हळूच सोडवून काढू का? पान कसं स्वच्छ दिसेल."

"नको, बाई," सविता म्हणाली. "चिठ्ठीसकटच घ्या."

मित्रांनो, छापलेल्या शब्दावर कुणीतरी आपली बाग सोपवतं. म्हणून लिहिताना जे मोजलं तेवढंच लिहा, ज्यानं मोजलं त्याचं नाव लिहा आणि चुकलात तर त्याच पानावर सांगा. माझी पानं पिवळी पडलीत, पाठीचा डिंक सुटत आलाय. जमलं तर मला जपा. पण जपाल तेव्हा माझी चिठ्ठी मात्र काढू नका.