ऑस्करला कुणी पाठवलं

वटवाघळाला हात लावायचा नाही, हे या गावात शेंबडं पोरसुद्धा जाणतं. रेबीजची लस घेतलेल्यांनीच लावायचा. बिनलशीच्या माणसाला नुसता ओरखडा उठला तरी त्या वटवाघळाला मारून तपासायला पाठवावं लागतं. हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की कुणी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं.

आमच्या बचाव गटात लस घेतलेले तिघंच. त्यातली एक डेल्विन मावशी, गावातल्या निम्म्या पोरांची मावशी आणि दीड वर्षापूर्वी आम्ही इथे राहायला आल्यापासून माझीही. गेल्या उन्हाळ्यात ती दिवसभर फोनला चिकटून होती आणि नदीकाठी उष्म्याने झाडांवरून वटवाघळांची पिल्लं गळत होती. म्हणून यंदा गटाचं संगणकाचं काम बघणाऱ्या कीरनने फोनवर एआय बसवला. लोकांचं ऐकून घ्यायचं, यादीतून माणूस शोधायचा, त्याला निरोप धाडायचा. शोधायचं टूल आणि धाडायचं टूल, दोन्ही कीरननेच बनवली. तो कॉफ्स हार्बर शहरात राहतो. हुशार आहे, आणि ते त्याला जरा लवकरच कळलंय.

मी पंधराची. अठरा पूर्ण झाल्याशिवाय गट लस देत नाही, म्हणून शाळा सुटली की मी फोनच्या नोंदी बघते. पूर्वी काही कळायचं नाही, गटात बसून नुसती मान हलवायचे. तो काळ गेला.

मंगळवारी ऑस्करचा फोन आला. ऑस्कर निवृत्त बेकरीवाला. गटात तो फक्त पिल्लांची दुपटी धुतो.

"रोवी, मला निरोप आला. पेट्राकिसच्या तुतीवरच्या जाळीत मादी अडकलीय, जा म्हणून. आलोय. बिचारी माझ्याकडेच बघतेय गं. काढू का?"

"ऑस्कर, दोन्ही हात खिशात घाल."

"खिसे नाहीत. घरच्या चड्डीवरच धावलो."

"मग डोक्यावर ठेव. आणि मावशी येईपर्यंत खाली घेऊ नकोस."

मावशीला पोचायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ऑस्कर पोलिसांनी पकडल्यासारखा उभा होता, हे पेट्राकिसने गावभर केलं. मादी वाचली. तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लूही.

संध्याकाळी मावशीने कीरनला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्रेचाळीस अंश सांगितले होते. "हे आज सुधारलं नाही, तर उद्या मी पुन्हा फोनवर आणि झाडांखाली दोघंच. ऑस्करला कुणी पाठवलं?"

"एआयने. बावळट निघाला."

मी टूलचं वर्णन उघडून पाहिलं. एकच ओळ: पत्त्याजवळचा स्वयंसेवक शोधतो.

"सगळ्यात जवळ ऑस्करच राहतो," मी म्हणाले. "सांगितलं तेच केलं त्याने. लशीचं त्याला आपण सांगितलंय कुठे?"

"अगं, ते कुणालाही कळतं."

"मला नव्हतं कळलं. पहिल्या दिवशी मी पिल्लाला उचलायलाच निघाले होते."

"मग तूच लिही, शहाणे," कीरन म्हणाला, आणि यादीत लशीचा रकाना जोडायला लागला.

मी लिहिलं, तीन पानं. वटवाघळं काय खातात इथपासून. कीरनने दुपारचाच प्रसंग एआयला पुन्हा देऊन पाहिला. त्याने लस घेतलेला माणूस शोधला, जवळपास कुणी मोकळं मिळालं नाही, आणि परत ऑस्करचं नाव पुढे केलं. कुणीच नसेल तर काय करायचं, एवढंच माझ्या तीन पानांत नव्हतं. मी डोकं धरून बसले.

मावशीने चहा पुढे ठेवला. "मी तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं?"

ती ओरडली नव्हती. मला बाकावर बसवून चार वाक्यांत सांगितलं होतं. मी तीन पानं पुसली आणि तिचीच वाक्यं उतरवली:

'लस घेतलेलाच माणूस पाठव. तीस किलोमीटरच्या आत तसा कुणी मोकळा नसेल, तर बिनलशीचा शेजारी राहत असला तरी पाठवू नकोस. फोन करणाऱ्याला सांग, हात लावू नका, कुत्रा आणि मुलं लांब ठेवा, आणि कुणाला ओरखडलंय का ते विचार. मग लगेच डेल्विनला कळव.'

सहा वेळा तपासलं. सहाही वेळा ऑस्कर घरीच राहिला.

बुधवारी एक्केचाळीस फोन आले. चार वाजता कॅरव्हॅन पार्कमधून एक बाई, हातात टॉवेल घेऊन तयारच. जवळ लशीचं कुणी मोकळं नव्हतं. मी नखं खात नोंद वाचत होते. एआयने तिला थांबवलं, ओरखड्याचं विचारलं, मावशीला कळवलं. मावशीचं उत्तर आलं: निघाले. ती नदीकाठी होती, फोनपाशी नव्हती.

संध्याकाळी ती चिखलाने माखून आली, टोपलीत अकरा पिल्लं. मी तिचे आभार मानले, त्या पहिल्या दिवसासाठी. केव्हाचे मानायचे राहिले होते.

"माझे कसले? ऑस्करचे मान," ती म्हणाली. "हात घालायच्या आधी त्याने विचारलं. नाहीतर आपली चूक आपल्याला मेलेल्या मादीकडून कळली असती."

मी ऑस्करला फोन केला. तो म्हणाला, "आभार कसले गं, मला नुसती भीती वाटत होती."

फोन ठेवून मी वर्णनात आणखी एक ओळ घातली: 'खात्री नसेल तर थांब आणि विचार. इथे कुणी रागावत नाही.'

"शेवटचं वाक्य त्याला कशाला?" कीरनने लगेच फोन करून विचारलं.

"असू दे," मी म्हणाले. त्याने ते ठेवलं.