लायलच्या नावाची चढाई

लायल हाउगन ज्या उतारावर बर्फाखाली गाडला गेला, त्याच उतारावर दर फेब्रुवारीत त्याच्या मित्रांनी स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरच्या मोटारसायकली, घेऊन चढायचं, असं गावानं ठरवलं होतं. श्रद्धांजलीचा याहून बिनधोक प्रकार कुणाला सुचला नाही, आणि सुचला असता तरी त्याला गर्दी झाली नसती. मोंटानाच्या त्या कोपऱ्यात फेब्रुवारीत फुलं मिळत नाहीत, पेट्रोल मिळतं.

उताराचं नाव केक. माथ्यावर वाऱ्यानं बर्फाची पुढे झुकलेली कड बांधलेली असते, ती लग्नाच्या केकसारखी दिसते म्हणून. एकेकानं भरधाव वर जायचं, जमेल तितक्या उंचीवर वळायचं आणि खाली यायचं. ज्याच्या वळणाची खूण सगळ्यांत वर, त्याला लायलचं निळं हेल्मेट वर्षभर घरी ठेवायला मिळे. बरीच वर्षं ते लायलचा धाकटा भाऊ वेंडल याच्या टीव्हीशेजारी मुक्कामाला होतं. लायलची बायको आर्डिस हिच्याकडे दोन कामं: पायथ्याशी उभं राहून झेंडा खाली करायचा, म्हणजे चढाई सुरू, आणि नंतर सगळ्यांना चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल वाढायचे.

यंदा पहिल्या चढाईचा मान तिच्या मुलीचा, सिग्रिडचा होता. सिग्रिड मिझुलाहून मुद्दाम आली होती. हनुवटी बापाची होती, आणि ती पुढे काढून उभं राहायची सवयही.

आठवडाभर नवा बर्फ पडला नव्हता. आभाळ स्वच्छ. जो तो गाडीतून उतरून "काय दिवस उजाडलाय!" म्हणत होता, आणि म्हणताना टोपी धरून ठेवत होता, कारण पश्चिमेचा वारा दोन दिवस थांबलेला नव्हता. चिलीच्या पातेल्यावर आर्डिसनं दगड ठेवला होता. हातातला झेंडा फडफडत नव्हता, फळीसारखा ताठ झाला होता.

मायल्स नावाचा एक स्कीवाला तिथे आला होता. स्कीवाल्यांचं म्हणणं, स्नोमोबाइलवाले डोंगर घाण करतात. तरी लांबचा रस्ता आला की ते दोरी धरून त्यांच्याच मागे ओढले जातात. मायल्स दोरीसाठीच आला होता, पण आधी बोलून बसला.

"आज केकवर जाऊ नका. वारा पलीकडचा बर्फ उचलून सगळा इकडे आणून टाकतोय. वर घट्ट पत्रा झालाय, खाली जुना भुसभुशीत थर आहे. त्यावर गाडी गेली की अख्खा पत्रा सुटणार."

"आभाळात ढग नाही आणि याला बर्फ पडताना दिसतोय," वेंडल म्हणाला. "चष्मा बदल, मायल्स."

"पडत नाहीये, वाहतोय."

"तुला दोरी हवीये ना? मग जरा गप्प राहा की."

सगळे हसले. मायल्स गप्प राहिला. दोरी त्याला हवी होती.

आर्डिस हसली नाही. ती माथ्याकडे बघत होती. कडेवरून पांढरा धूर निघावा तसा बर्फ उडत होता आणि अलीकडे केकवर उतरत होता. हा धूर तिनं आधी एकदा पाहिला होता.

तिनं वेंडलला बाजूला घेतलं. "आज नको."

"वहिनी, दरवर्षी या वेळी तुम्हाला असंच होतं." वेंडलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "साहजिक आहे."

विधवेच्या बोलण्याला दुःख म्हटलं की ते ऐकून घ्यायची गरज उरत नाही, ही सोय सगळ्याच देशांत आहे.

मग तपासणी सुरू झाली. प्रत्येकाच्या छातीला एक यंत्र बांधलेलं असतं; माणूस गाडला गेला तर बाकीच्यांना त्याच्या आवाजावरून तो सापडतो. एकेक जण आर्डिससमोरून गेला आणि तिच्या हातातलं यंत्र टिकटिकलं. आपण सापडू, याची खात्री करून माणसं निघत होती. सिग्रिडचंही टिकटिकलं. अगदी स्पष्ट.

"सिगी, ऐक ना."

"आई, प्लीज. सगळ्यांसमोर नको गं."

वेंडलनं हेल्मेट उंच धरलं आणि नेहमीचं भाषण काढलं. "असाच स्वच्छ दिवस होता. डोंगरानं फसवलं. कुणाला काय कल्पना होती? लायलला कसलाही इशारा—"

"होता," आर्डिस म्हणाली.

वेंडल थांबला. भाषणात इथे थांबायची जागा नव्हती.

"इशारा होता. असाच वारा होता, माथ्यावर असाच धूर होता. मी लायलला दाखवला. तो म्हणाला, बरंच झालं, जादाचा बर्फ उडून जाईल. उडून कुठे जाईल, याचा त्यानं विचार केला नाही. माणूस चांगला होता. त्या दिवशी मूर्खासारखा वागला."

कुणीतरी चालू गाडी बंद केली.

गावानं ते 'कुणाला काय कल्पना होती' वर्षानुवर्षं जपलं होतं. त्याच्या आधारानं लायल शूर ठरला होता, आर्डिसनं मुलगी वाढवली होती, आणि वेंडलला झोप लागत होती. कारण त्या दिवशी उताराच्या मधोमध वेंडलची गाडी रुतली होती. उतारावर एका वेळी एकच माणूस, हा नियम सगळ्यांना पाठ होता. पण भाऊ रुतला की भाऊ मदतीला वर जातो. लायल गेला. केक सुटला तेव्हा वेंडल कडेला फेकला गेला.

आता आर्डिस पुढचं वाक्य बोलणार, म्हणून सगळे वेंडलकडे बघायला लागले. वेंडल बुटांकडे बघत होता.

आर्डिस पुढे काही बोलली नाही. तिनं झेंडा काठीला गुंडाळायला घेतला. वाऱ्यामुळे तो नीट गुंडाळला जाईना.

"चिली गार होतेय," वेंडल शेवटी म्हणाला. मग गाडीवर बसलेल्या सिग्रिडकडे वळला. "उतर पोरी. आज नाही."

"काका, तुम्हीसुद्धा?"

"उतर म्हणतो ना."

सिग्रिड उतरली. हातमोजे तिनं गाडीवर आपटले आणि चिलीला हात लावला नाही. बाकीच्यांनी लावला, मायल्सनं तर दोनदा घेतली.

केक कोसळला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. वसंतात तो कुणाचंही म्हणणं खरं न करता मुकाट्यानं वितळून गेला. पण ते पुढचं. त्या दुपारी मायलेकी पिकअपमधून घरी निघाल्या, तेव्हा वेंडलनं दोघींच्या मध्ये सीटवर हेल्मेट आणून ठेवलं होतं.

बराच रस्ता गेल्यावर सिग्रिड म्हणाली, "काहीच झालं नसतं."

"नसतं कदाचित."

"म्हणजे तू उगाच बोललीस."

"असेल."

वाऱ्यानं पिकअपला बाजूनं धक्का दिला. आर्डिसनं स्टिअरिंग सरळ केलं.

"बाबा खरंच तसं म्हणाले होते? बरंच झालं म्हणून?"

"हो. तोंडात दालचिनीचा रोल होता, पण नीट ऐकू आलं."

सिग्रिडला हसू आलं, आणि आल्याचा रागही आला. "सगळ्या गावासमोर मूर्ख म्हणालीस त्यांना."

"त्याला कुठे ऐकू येणार होतं," आर्डिस म्हणाली. "तुला येत होतं."

वळणावर हेल्मेट घसरायला लागलं, तसं सिग्रिडनं ते उचलून मांडीवर घेतलं.