उकळी येण्याआधी

भाताचा रोवणा आटोपत आला होता. यादोराव मालगुजारांचा ताप काही जात नव्हता, तरी सकाळी ते बांधीवर फिरून आले, चहा घेतला, आणि लेकीच्या जाडजूड पुस्तकांची थट्टा करत तिला बैलांच्या दमणीत बसवून रक्त तपासून घ्यायला दवाखान्यात निघाले. लेक शामकला नागपूरच्या शाळेत मास्तरीण होती. सुट्टी काढून घरी आली होती.

दवाखान्याच्या ओसरीत रक्त तपासायला आलेले लोक मालगुजारांना पाहून उठून उभे राहिले. कंपाउंडर छोटेलालने नुकतंच गिरजाचं रक्त काढलं होतं. गिरजा त्यांच्याच शेतातली मजुरीण; पायाला गळू झालेलं. एकुलती एक पिचकारी आणि सुई पातेल्यात टाकून त्याने स्टोव्हला पंप मारला.

"मालक, बसा जरा. पाणी उकळू द्या."

"सुई उकळून राहिला का डाळ शिजवून राहिला रे?"

ओसरी हसली.

"डॉक्टरसाहेबांचा हुकूम आहे, मालक."

"अन् गाव कोनाचं आहे? या गिरजीसाठी मी ताटकळत बसू? काढ!"

छोटेलालने शामकलाकडे पाहिलं. कोमट पाण्याने जंतू मरत नाहीत, हे तिने किती ठिकाणी वाचलं होतं. पण चारचौघांत बाबूजींना टोकायचं कसं? तिने पदर सारखा केला. छोटेलालने पातेल्यातून सुई काढली.

दुसऱ्या दिवशी मालगुजारांचा हात सुजला. लाल रेघ काखेपर्यंत चढली. आठवडाही निघाला नाही.

तेरवीला पंगत उठल्यावर शामकलाच्या घनश्यामकाकांनी छोटेलालला बैठकीत बोलावलं. त्याला गावातून घालवायचं हे ठरलंच होतं.

"सुई काऊन नाही उकळली बे?"

गेलेल्या मालकाचं नाव छोटेलाल घेणार नव्हता. त्या दिवशी ओसरीत हसलेले लोक बैठकीतच बसले होते.

"त्या गिरजीले पन हाकला," कोणीतरी म्हणालं. "तिच्याच रक्तानं घात केला."

शामकला दाराआड उभी होती. रडून झालं होतं. आता तिला बापाची लाज वाटत होती, आणि बापाची लाज वाटते याचीही. ती बैठकीत आली. बायका तिथे येत नसत.

"काकाजी, तो उकळूनच राहिला होता. बाबूजीनं उकळू देलं नाही. गिरजामागं थांबाची त्यायले लाज वाटली. मले समजत होतं, तरी मी चूप बसली."