लाल खडूची फुली

राजबिंडा दुकानात लागला त्या दिवसापासून मास्तर त्याला पाण्यात पाहू लागले.

राजबिंडा हे नाव मागच्या खोलीतल्या कारागिरांनी ठेवलेलं. सहा फूट उंची, सरळ पाठ आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. शिवणकामातलं त्याला काय येत होतं, तर टेप धरता येत होती. नोकरी मागायला आला तेव्हा दारापासून काउंटरपर्यंत दहा पावलं चालला, आणि तेवढ्यात मालकीणबाईंनी त्याला ठेवूनही घेतलं. मास्तर मात्र बावीस वर्षं मागच्या खोलीत कोट कापत होते. टेबलावर वाकून वाकून त्यांच्या पाठीची कमान झाली होती. बायको म्हणायची, "तुम्ही घरात येता ना, तर आधी मान येते आणि मागून तुम्ही."

एरवी त्यांनी राजबिंड्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण मालकीणबाई दुसरं दुकान काढत होत्या, आणि तिथं मुख्य म्हणून कुणाला बसवायचं ते तीनेक महिन्यांत ठरणार होतं. मास्तरांना ती खुर्ची हवी होती. गिऱ्हाइकांनी आत शिरल्या शिरल्या आपल्याकडे बघावं, आपल्याला नमस्कार करावा, असं त्यांना फार वर्षांपासून वाटत होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

दुकानाची एक रीत होती. पुढे माप घेतलं की आकड्यांचा कागद मागे यायचा. आकडा पटला नाही तर मास्तर त्यावर लाल खडूने फुली मारून कागद परत पाठवायचे, आणि माप पुन्हा घेतलं जायचं. मालकीणबाईंचे यजमान हयात होते तेव्हा मापं तेच घेत. मास्तरांनी त्यांच्याही कागदांवर बेधडक फुल्या मारल्या होत्या. सगळे कागद काउंटरमागच्या फाइलला लागत.

राजबिंड्याची चूक मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात मधल्या पडद्याआडून हेरली. हा समोर असा खांबासारखा उभा राहायचा, की गिऱ्हाईकही नकळत पोट आत घेऊन छाती पुढे काढायचं. माप त्या फुगलेल्या माणसाचं व्हायचं आणि कोट घालायचा घरी जाऊन सैल पडलेल्या माणसाने. खरं तर माणसाला आधी गुडघेदुखीबद्दल, जावयाबद्दल बोलतं करायचं असतं. तो आपल्या मूळ आकारात आला की मग हळूच टेप लावायची.

मास्तरांचा हात खडूकडे गेला आणि तिथेच थांबला. कशाला? चुकू दे की! एक कोट बोंबलत परत आला, की बाईंचे डोळे आपोआप उघडतील. त्यांनी कात्री उचलली आणि आकड्याबरहुकूम कापड कापलं. तो कोट परत आला नाही. पुढचाही आला नाही. मास्तर दातओठ खात वाट बघत राहिले.

मग एके दिवशी ग्रंथालयातला एक सहायक आला. जाड चष्मा, पडलेले खांदे, मान पुढे. पडद्याच्या फटीतून त्याला पाहिलं आणि मास्तरांना आपलाच धाकटा भाऊ आल्यासारखं वाटलं. ग्रंथपालाच्या जागेसाठी त्याची मुलाखत होती, त्यासाठी कोट हवा होता. राजबिंडा हसून पुढे झाला, आणि बघता बघता तो चष्मेवाला दोन इंच वाढला. कागद मागे आला. पाठीचे, छातीचे, सगळेच आकडे चुकलेले. मास्तरांच्या मनात उकळ्या फुटल्या. असा कोट या माणसाच्या मानेवरून सुटणार, मागे वर चढणार, पुढे लोंबणार. त्यांनी फुली मारली नाही. उलट तो कोट त्यांनी जन्मात कापला नसेल इतकं मन लावून कापला.

ट्रायलला राजबिंडा समोर उभा होता, त्यामुळे कोट छान बसला. मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी चष्मेवाला तरातरा दुकानात शिरला, आणि मास्तर हातातली कात्री टाकून पडद्याशी धावले.

"काय कोट शिवलाय हो तुम्ही!" तो मालकीणबाईंना म्हणाला. "जरा वाकलं की कॉलर सुटते, पुढचं सगळं लोंबतं. म्हटलं, लाज जाईल. अर्धा तास ताठ बसलो, श्वाससुद्धा बेताने घेतला. शेवटी मुलाखत घेणारे साहेब म्हणाले, असा खंबीर माणूस आम्हाला हवा होता. जागा मिळाली! आता अजून एक शिवा, अगदी अस्साच."

मास्तरांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

संध्याकाळी मालकीणबाई स्वतः मागच्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात फाइल होती.

"मास्तर, नव्या दुकानात मी त्या पोराला बसवतेय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला म्हणून सांगते, माझ्या मनात तुमचंच नाव होतं. नुसत्या दिसण्यावर मी दुकान सोपवत नाही. पण मग ही फाइल काढली. ह्यांच्या मापांवरसुद्धा तुम्ही महिन्याला चार-पाच फुल्या मारायचात. आणि या पोराच्या तीन महिन्यांच्या कागदांवर एकही नाही! तुमच्या नजरेतून काही सुटत नाही हे मला ठाऊक आहे. तुम्हीच पास केलंत त्याला, मी आणखी काय बघायचं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगणार काय? चुका दिसत होत्या, आणि जळून गप्प बसलो?

"बरोबर आहे बाई," एवढंच ते म्हणाले.

चष्मेवाल्याच्या दुसऱ्या कोटाचा कागद सकाळी मागे आला. मास्तरांनी आधी लाल खडू उचलला, मग कागद. या वेळी फुली मारायचीच, निदान फाइलमध्ये एक तरी लागू दे. ते फटीशी गेले. राजबिंडा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. चष्मेवाला कोपऱ्यात एकटाच उभा राहून पावतीची वाट बघत होता. त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं, आणि तरी तो सरळ उभा होता.

मास्तरांनी आकडे एकदा पाहिले, पुन्हा पाहिले. मग खडू डब्यात टाकला आणि ते टेबलावर वाकले. माप बरोबर होतं.